चुकणाऱ्याला टाळी

घरात माझं कुणी ऐकत नाही म्हणून मी बाहेर जाऊन शेकडो लोकांसमोर बोलते, असं माझा धाकटा भाऊ सगळ्यांना सांगत फिरतो. तो माझा भाऊही आहे आणि साउंडवालाही, त्यामुळे त्याला गप्प बस म्हणायची सोय नाही. रुसला तर माइक बंद करतो. पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. माइक हातात आला की मला भूक, तहान, पाठदुखी काही आठवत नाही. समोर चार टेबलं, चार संघ, मागे कालवा करणारी पोरं आणि माझ्या हातात प्रश्नांचे कागद, एवढं जमलं की मला सण वाटतो.

आमचा धंदा नातेवाइकांना अजून नीट कळलेला नाही. "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" असं आमची मावशी प्रत्येक लग्नात विचारते. आम्ही खेळ घेतो. सुरुवात बायकांच्या हळदीकुंकवातल्या खेळांपासून झाली, आणि आता सोलापुरातल्या शाळांमध्ये आमचा जम बसलाय. सकाळी परिपाठाच्या वेळी वर्गावर्गांचे संघ करून प्रश्नांची स्पर्धा घ्यायची, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पालकांना बोलावून कुटुंबांची स्पर्धा लावायची. टीव्हीवर असते तशीच. फक्त टीव्हीवर दिवे असतात आणि आमच्याकडे भोंपू.

भोंपूही नाइलाजानं आले. आधी भावानं हौसेनं विजेची बटणं तयार केली होती. दाबलं की टेबलावर लाल दिवा लागायचा, मोठा थाट होता. पण खेळ ऐन रंगात आला की लाईट जायची, आणि मग अंधारात "मी आधी दाबलं, मी आधी दाबलं" म्हणून जी रणधुमाळी व्हायची ती आवरता आवरायची नाही. शेवटी वैतागून त्यानं जुन्या रिक्षांचे रबरी भोंपू जमवले. फुगा दाबला की पों वाजतं, वीज लागत नाही, बिघडायला त्यात काही नाही. चार संघांना चार भोंपू, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. एक जाडा, एक चिरका, एक बोकडासारखा, आणि चौथा असा की तो वाजला की पहिलीची पोरं हसून हसून लोळतात. कुणाचा आधी वाजला हे भाऊ डोळे मिटून कानानं ठरवतो. त्यावरून भांडणं होतात. भांडणं झाली की कार्यक्रम रंगला असं मी धरते.

गुण लिहायला आमच्याकडे फळा नसतो. प्रत्येक संघामागे एक दोरी बांधलेली असते आणि उत्तर बरोबर आलं की मी त्या दोरीवर रंगीत नॅपकिन चिमटा लावून अडकवते. नॅपकिन अर्थातच आपल्या सोलापूरचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं की बाईनं भर मैदानात धुणं वाळत घातलंय. पण मागच्या रांगेतल्या आजीलाही कोण पुढे आहे ते चष्म्याशिवाय दिसतं.

आणखी एक नियम आहे, आणि त्यावरून आमच्याशी मोठमोठी माणसं भांडली आहेत. ज्याचं उत्तर चुकेल त्यानं जागेवर उभं राहायचं आणि दोन्ही हात वर करायचे. मग माझा भाऊ हलगी वाजवतो आणि सगळ्या मैदानानं त्या चुकलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवायच्या. बरोबर उत्तराला साधी टाळी, चुकीला मोठी.

हा नियम करावा लागला, कारण सुरुवातीला पोरं भोंपूकडे पालीकडे बघावं तशी बघत बसायची. उत्तर त्यांना येत असायचं. मला समोरून दिसायचं, ओठ हलायचे. पण दाबायची छाती व्हायची नाही. चुकलं तर सगळे हसणार, आणि शाळेतलं हसणं दहावीपर्यंत पुरतं. एका मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सुनावलं होतं, "तुम्ही चुकांना प्रोत्साहन देताय, मॅडम." मी म्हटलं, "सर, बक्षीस बरोबर उत्तरालाच आहे. टाळी फक्त भोंपू दाबल्याबद्दल आहे." त्यांना ते पटलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं मात्र त्यांनीच.

तर त्या दिवशी आम्ही एका मराठी शाळेत होतो. जानेवारी सरत आला होता. गड्ड्याची जत्रा नुकतीच उलगून पालं उठली होती, त्यामुळे निम्म्या पोरांच्या खिशात पिपाण्या. मी आल्या आल्या एक बादली फिरवली आणि सगळ्या पिपाण्या जप्त केल्या. भोंपूच्या स्पर्धेत पिपाणी म्हणजे सरळ सरळ घुसखोरी. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, एका मुलानं सुविचार दोनदा वाचला, आणि मैदान माझ्या ताब्यात आलं.

सातवीच्या चार तुकड्यांचे चार संघ होते. सामना असा अटीतटीचा झाला की शेवटच्या प्रश्नाला दोन दोऱ्यांवर सारखेच नॅपकिन लटकत होते. मी विचारलं, "जगात सगळ्यात वेगानं पळणारा पक्षी कोणता?"

डावीकडच्या टेबलावर लाल रिबिनींच्या दोन वेण्या घातलेली एक मुलगी भोंपूपाशी बसली होती. प्रश्न संपायच्या आत तिचे डोळे चमकले. ओठ हलले. शहामृग, मी स्वतः वाचलं. तिनं फुग्यावर हात ठेवला, बोटं आवळली, आणि तिथंच थांबली. मी तिच्याकडे बघून मान हलवत होते, भुवया उडवत होते, परीक्षकानं जे करू नये ते सगळं करत होते. तिचा हात हलेना. शेजारच्या टेबलावरचा बोकड ओरडला, तिथल्या मुलानं "शहामृग" म्हटलं, आणि खेळ संपला.

"तुला येत होतं की गं," तिच्या संघातली पोरं तिच्यावर तुटून पडली. "मग दाबलं का न्हाईस?"

"खात्री नव्हती," ती म्हणाली.

पोरं वर्गात गेल्यावर मुख्याध्यापिका बाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या, आणि त्याच मुलीबद्दल बोलायला लागल्या. पाचवीपर्यंत ही पोरगी वर्गात कुणाला बोलू द्यायची नाही, म्हणे. आता पेपरात पैकीच्या पैकी आणि तोंडाला कुलूप. पुढच्या महिन्यात शहरातल्या शाळांची आपापसात प्रश्नांची स्पर्धा होती. शाळेतर्फे जाणाऱ्या मुलांची नावं उद्या द्यायची होती. मुलीला जायची फार इच्छा होती, घरी तयारीही चालू होती तिची. "पण जी दाबतच नाही तिला मी पाठवू कशी?" बाई म्हणाल्या. "बाकीच्या मुलींवर तो अन्याय होईल. आज सकाळी दाबते का बघू, असं मी ठरवलं होतं."

"झालं काय पण तिला?"

बाईंनी आवाज खाली आणला. मुलीचे वडील सात रस्ता चौकाजवळ गणिताचे क्लास घेतात. नावाजलेले सर. माणूस सज्जन, हात उगारणार नाही, आवाज चढवणार नाही. पण घरात एकच नियम, खात्री असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दोन वर्षांपूर्वी पालकसभेत सगळ्यांसमोर बाईंनी पोरीला एक सोपं गणित विचारलं आणि ती चुकली. वडील तिला रागावलेसुद्धा नाहीत. घरी गेल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "माझी मुलगी आणि चुकते?" हे आईनं नंतर बाईंना रडत सांगितलं होतं.

मला त्या माणसाचा असा राग आला की चहा तसाच ठेवून मी वायरी गुंडाळायला लागले. मी चिडले की वायरी गुंडाळते. मधल्या सुट्टीत ती मुलगी आपण होऊन माझ्यापाशी आली. हात मागे बांधलेले, मान खाली.

"मॅडम, दाबायच्या आधी कसं कळतं, बरोबर आहे म्हणून?"

"कळत नाही," मी म्हटलं. "दाबल्यावरच कळतं."

तिनं यावर विचार केला. "मग बाकीचे दाबतात कसे?"

 मी म्हटलं, "संध्याकाळी येणार आहात ना सगळे? तेव्हा एकदा दाबून बघ. फक्त एकदा. बरोबर-चूक माझं मी बघते."

"बाबा असणारेत," ती म्हणाली आणि पळाली.

संध्याकाळच्या स्पर्धेसाठी कुटुंबं चिठ्ठ्या टाकून निवडतात. बाईंनी डब्यातून चिठ्ठी कशी काढली ते मी बघितलं नाही, आणि मला बघायचंही नव्हतं. नावं पुकारली तेव्हा त्यात हे कुटुंब होतं, एवढंच मला पुरे होतं.

ऊन उतरलं होतं. मैदानात सतरंज्या, मागे खुर्च्या, एका बाजूला पालकांनीच मांडलेले भजी आणि पावभाजीचे स्टॉल. संघांना नावं द्यायची माझी जुनी हौस आहे. त्या दिवशी शेंगाचटणी, हुरडा, मठ्ठा आणि कडक भाकरी. शेंगाचटणीत एक विणकर घरातली मंडळी होती, त्यांच्या अव्वा, म्हणजे आजी, उत्तरं तेलुगूत सांगायच्या आणि नात मराठीत ओरडायची. हुरड्यात एक रिक्षावाले भाई, त्यांची बायको आणि दोन मुलं. भोंपू बघून भाईंचे डोळे ओले व्हायचे बाकी होते. "ये तो मेरे अब्बा के रिक्षा का आवाज है," ते म्हणाले आणि त्यांनी तो पुसून घेतला. मठ्ठ्यात एका बँकेतले साहेब सहकुटुंब आले होते आणि सगळे एकसारख्या रंगाच्या शर्टात होते. आणि चौथ्या टेबलावर आमची कडक भाकरी. वडील, आई, मुलगी, आणि आईचे वडील, जे करकंबहून चार दिवस लेकीकडे आले होते. पांढरी टोपी, करकरीत धोतर, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर बसल्याचा आनंद तोंडभर.

क्लासवाले सर माझ्याशी फार अदबीनं बोलले. मला रागच धरून ठेवायचा होता, पण माणूस अदबीनं बोलला की अवघड होतं. त्यांनी परीक्षेला बसल्यासारखे नियम विचारून घेतले.

"चुकीला वजा गुण आहेत का?"

"नाहीत सर. टाळी आहे."

मी सगळा प्रकार समजावला. त्यांनी हलगीकडे एकदा बघितलं. "ती वेळ येणार नाही," ते म्हणाले, आणि भोंपू स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतला. मुलगी टेबलाच्या टोकाला, हात मांड्यांखाली दाबून बसली.

आणि सुटलो आम्ही. काय सांगू, असा खेळ वर्षातून एखाद्या वेळीच जमतो. पहिल्याच प्रश्नाला भाईंचा भोंपू वाजला आणि उत्तर साफ चुकलं. भाईंनी हात वर केले, भावानं हलगीवर काठी टाकली, आणि मैदान कडाडलं. त्यांची बायको खुर्चीतून ओरडून म्हणाली, "गलत तो गलत, ताली तो मिली ना." मग कुणाला आवर राहिला नाही. बँकेतल्या साहेबांनी लागोपाठ दोनदा चुकून दाखवलं. अव्वा भोंपू दोन्ही हातांनी दाबायच्या, त्यामुळे तो एसटीएवढा वाजायचा. नॅपकिन चढत होते, मी या दोरीवरून त्या दोरीवर पळत होते, पदर खोचलेला, घसा बसत आलेला.

सर मात्र शांत होते. पूर्ण प्रश्न ऐकायचे, एक श्वास घ्यायचे, दाबायचे. उत्तर बरोबर. नॅपकिन. पुन्हा तसंच. मैदानात त्यांच्या क्लासची पोरं घोळक्यानं बसली होती, ती "सर, सर" म्हणून नाचत होती. कडक भाकरीची दोरी भरत चालली. टेबलाच्या टोकाची मुलगी मधूनच मान वर करायची, ओठ हलायचे, आणि पुन्हा खाली बघायची. 

मग मी विचारलं, "आपल्या सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ग्रह कोणता?" सरांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात आजोबांनी आडवा हात घालून भोंपू दाबला.

"सूर्य!" आजोबा म्हणाले.

"मामा," सर दबक्या आवाजात म्हणाले, "खात्री असल्याशिवाय..."

"खात्री करत बसलो आसतो तर गाडी गेली आसती की, जावईबापू," आजोबा म्हणाले आणि कुणी सांगायच्या आधी उठून उभे राहिले. दोन्ही हात वर, टोपी तिरकी. हलगी वाजली, टाळ्या पडल्या. आजोबांनी चारी दिशांना वळून नमस्कार केले. सत्कार चाललाय अशा थाटात ते पुरत्या टाळ्या घेऊन मगच बसले, आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, परत चुकलं तर चालतंय का?"

मैदान हसत होतं. मुलीनं तोंडावर हात घेतला होता, पण तिचे खांदे हलत होते. मी ते बघितलं आणि सरांनीही बघितलं.

शेवटाकडे आलो तेव्हा शेंगाचटणीनं गाठलं होतं. दोन्ही दोऱ्यांवर सारखेच नॅपकिन, आणि माझ्या हातात दोनच प्रश्न. क्लासची पोरं उभी राहून ओरडत होती. अव्वांनी दोन्ही हात भोंपूवर तयार ठेवले होते. सरांच्या कपाळावर घाम आला होता, इतका वेळ जो माणूस श्वास मोजून घेत होता त्याचा गुडघा आता टेबलाखाली हलत होता. गणिताचा असो की कशाचा, सर असला तरी माणूस आहे. खेळ कुणालाही चढतो.

मी वाचायला सुरुवात केली, "कमलाभवानीचं देऊळ ज्या गावात आहे..."

पों!

"करमाळा," सर म्हणाले. पोरांनी एकच गजर केला.

मी थांबले. माझ्या हातातला कागद मी पुन्हा बघितला, उगाच, वेळ काढायला. मग प्रश्न पुरा वाचला. "कमलाभवानीचं देऊळ ज्या गावात आहे, ते गाव सोलापूरच्या कोणत्या दिशेला आहे?"

गजर थांबला. सरांचा चेहरा एकदम रिकामा झाला. ज्या माणसानं घरात खात्रीचा कायदा केला होता, त्यानं प्रश्न संपायच्या आत भोंपू दाबला होता.

"उत्तर चुकलं, सर," मी म्हणाले. "उभे राहा."

"मी जे विचारलं गेलं त्याचं उत्तर दिलं," सर म्हणाले. आवाज तसाच अदबीचा, पण कानाच्या पाळ्या लाल. "कमलाभवानीचं देऊळ करमाळ्यालाच आहे. माझं उत्तर चूक नाही. तुमचा प्रश्न अपुरा होता."

"प्रश्न पुरा होऊ द्यायचा की सर. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"मग मला हे मान्य नाही." त्यांनी खुर्ची मागे सरकवली, आणि मला वाटलं आता हा माणूस निघून जाणार. क्लासच्या पोरांना टाळी वाजवावी की मान खाली घालावी कळेना. भाऊ काठी उचलून माझ्याकडे बघत होता. माझं डोकं तापलं होतं, चार शब्द अगदी जिभेवर आले होते. सकाळपासून साठवलेले. पण मी मुलीकडे बघितलं आणि ते गिळले. ती टक लावून बापाकडे बघत होती. इतकी की डोळ्याची पापणी लवत नव्हती. बाबा चुकले होते, आणि आता पुढे काय करतात ते तिला बघायचं होतं. हा माणूस उठून निघून गेला असता तर त्या पोरीनं जन्मात भोंपू दाबला नसता, हे मला लख्ख कळलं. आणि माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. माइक होता, पण माइकवर बोलण्यासारखं ते नव्हतं.

"अहो, उठा की," मुलीची आई हळूच म्हणाली.

"उटा जावईबापू," आजोबा म्हणाले. "लई ग्वाड वाटतंय. एकदा बगा तर."

सर आधी सासऱ्यांकडे बघत राहिले. मग मुलीकडे वळले.  आणि ते उठले. हात कोपरापर्यंतच वर गेले, धड वर नाही, धड खाली नाही, शरण आल्यासारखे. भावानं हलगी वाजवली. आणि काय टाळ्या पडल्या त्या! क्लासची पोरं तर वेडी झाली. सरांना वर्षानुवर्षं फळ्यापुढे बरोबर ठरताना बघितलेली पोरं ती, त्यांनी आज सरांना चुकताना बघितलं होतं आणि सर त्यांना आवडले होते. शिट्ट्या, आरोळ्या, कुणीतरी लपवून ठेवलेली एक पिपाणीसुद्धा वाजली. सर गोंधळून इकडेतिकडे बघत होते. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं, ओशाळं, कुठल्या कुठे लपून बसलेलं.

वायव्य असं उत्तर कुणालाच आलं नाही. दोऱ्या सारख्याच राहिल्या. सर खाली बसले, रुमालानं कपाळ पुसलं, आणि समोरचा भोंपू उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला. मग त्यांनी हात मांडीवर घेतले.

शेवटचा प्रश्न. मैदान उभं राहिलं होतं. भजी तळणाऱ्या बायकासुद्धा झारे हातात घेऊन पुढे आल्या होत्या. "मधमाशीला पंख किती असतात?" मी विचारलं, आणि प्रश्न पुरा झाला.

मी शेंगाचटणीकडे बघत होते, कारण अव्वा वाकल्या होत्या. भोंपू वाजला तो जाडा नव्हता. चिरका होता. भाऊ डोळे न उघडता म्हणाला, "अक्का, कडक भाकरी!"

मुलगी अर्धवट उठून टेबलावर ओणवी झाली होती. दोन्ही हातांनी फुगा दाबून धरलेला, सोडायला विसरलेली, त्यामुळे तो मरत मरत वाजत राहिला. आई तोंडावर पदर घेऊन बसली.  

"सांग," मी म्हटलं.

"दोन."

उत्तर चार आहे. ते पुढे अव्वांनी बोटांनीच दाखवलं, आणि पहिल्या बक्षिसाची चादर शेंगाचटणीनं नेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी शहराच्या स्पर्धेसाठी या मुलीचं नाव पाठवलं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण त्या क्षणी मला निकालात काही रस उरला नव्हता. मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होते आणि ती माझ्या. माझा चेहरा काही लपवत नाही, भाऊ नेहमी म्हणतो तुला पत्ते खेळता यायचे नाहीत. तिनं सगळं वाचलं.

"चूक ना, मॅडम?"

"चूक," मी म्हटलं, आणि माझा आवाज माइकमध्ये फाटला.

तिनं फुगा सोडला. सरळ उभी राहिली, वेण्या मागे टाकल्या आणि दोन्ही हात वर केले, कोपरापर्यंत नाही, पार वर, टाचा उचलून. तिच्या तोंडावर भीती नव्हती असं नाही. होती, पण तिच्याखालून दुसरंच काहीतरी फुटून वर येत होतं. भावानं काठी उचलली. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली आणि तिचे बाबा उभे राहिले. त्यांचेही हात वर, या वेळी पुरते वर.

"सर, तुम्ही बसा," मी म्हटलं. "तुम्ही नाही दाबलं."

"माहितेय," ते म्हणाले. "पण मलाही दोनच वाटले होते."